भुतांचा शिधा

पिंपरघाटला पुराची रंगीत तालीम आतापर्यंत दोनदा झाली. पहिल्या तालमीला चौदा माणसं आली. दुसरीला नऊ आली आणि त्यांतली दोघं शाळेत दाखला न्यायला आली होती. तिसरी तालीम एकतीस ऑक्टोबरला संध्याकाळी साडेपाचला ठरली. खरं तर ती मे महिन्यात, पावसाळ्याआधी व्हायची होती. पण मे महिन्यातच पाऊस आला, म्हणून पुढे ढकलली.

गाव शिरोळच्या बाजूला, कृष्णेच्या काठावर. दोनशे अठरा उंबरे, अकराशे बेचाळीस माणसं. सगळी घरं घाटाच्या उतारावर आहेत. पाऊण किलोमीटर वर माळ आहे आणि माळावर हायस्कूल. पूर आला की हायस्कुलात जायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत जात कुणी नाही. प्रत्येक घराच्या भिंतीवर ऑइलपेंटच्या रेघा आहेत: पाच साल, एकोणीस साल, एकवीस साल. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला रेघा दाखवतात.

भोंगा वाजवायचं, स्पीकरवरून सांगायचं आणि बोट सांभाळायचं काम ग्रामपंचायतीचा शिपाई जोतीराम करतो. बोट नारिंगी आहे, फायबरची, बारा माणसांची. ती घाटाच्या वरच्या पायरीवर, दोन चाकांच्या गाड्यावर, ताडपत्रीखाली असते. दर रविवारी सकाळी जोतीराम पाण्याच्या पिंपात इंजिन बुडवून दहा मिनिटं चालू करतो, बंद करतो, पुसतो आणि वहीत वेळ लिहितो. एकोणीसच्या पुरात गावाला बोट नव्हती. अठरा माणसं शांतव्वाच्या गच्चीवर अडकली होती, त्यांत जोतीरामची आई होती. तिच्या गोळ्या घरात राहिल्या आणि घर पाण्यात राहिलं. बाहेरगावची बोट तिसऱ्या दिवशी दुपारी आली. आई त्या दिवशी सकाळी गेली होती. बोट नक्की किती वाजता निघाली, ते कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. तेव्हापासून जोतीराम वेळ लिहितो.

तालमीचं पत्र वरच्या कचेरीतून आलं. त्यात या वेळी एक वाक्य जास्त होतं. भोंगा झाल्यापासून एका तासात निम्मी लोकसंख्या माळावर पोहोचली नाही, तर गावाला बोटीची गरज नाही असं धरून ती दुसऱ्या गावाला देण्यात येईल. निम्मी म्हणजे पाचशे एकाहत्तर. जोतीरामने पत्र दोनदा वाचलं आणि सरपंचांना नेऊन दाखवलं.

सरपंच विजयसिंहांनी ते एकदा वाचलं. "येतील की माणसं," ते म्हणाले. "तू आधी देवळाची पातेली खाली आण. आगस्टात वर न्हेलास ते न्हेलास. पौर्णिमेचा परसाद तोंडावर आला."

ऑगस्टमध्ये देवळात पाणी यायच्या आदल्या दिवशी जोतीरामने देवळाची नऊ मोठी पातेली, झारे आणि पळ्या माळावर नेऊन ठेवल्या होत्या. त्या अजून हायस्कूलच्या प्रयोगशाळेत होत्या. पातेली आणण्याची ही तिसरी आठवण होती. जोतीरामने तीही वहीत लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत प्रेरणा आली. प्रेरणा ही शांतव्वाची सून. घाटावरच्या इंग्रजी शाळेची ती मुख्याध्यापिका आहे, आणि चारपैकी दोन वर्गांची शिक्षिकाही तीच आहे. शाळेत चौसष्ट मुलं आहेत. शाळेचं वर्षाचं कॅलेंडर पुण्याहून छापून येतं.

"जोतीमामा, स्पीकरवर एक सांगायचं होतं."

"सांगा की मॅडम." त्याने वही उघडली.

"एकतीस तारखेला शाळेची मुलं भुतांचे कपडे घालून घरोघरी येतील. लोकांनी घाबरू नये. कुत्री बांधून ठेवावीत. आणि मुलांना चॉकलेट द्यावं."

जोतीराम 'भुतांचे'पर्यंत लिहून थांबला. "कशापायी?"

"सण आहे. हॅलोविन."

"कुणाचा?"

"अमेरिकेत करतात."

"मग हितं?"

"कॅलेंडरमध्ये आहे."

हे जोतीरामला पटलं. त्याच्याकडे येणारी बहुतेक कामं कुठल्या तरी कागदात असतात म्हणूनच येतात. त्याने पुढचं लिहून घेतलं आणि विचारलं, "टाइम?"

"चार ते सहा. अंधार पडायच्या आत भुतं घरी पाहिजेत, असं पालकांनी लिहून दिलंय."

जोतीरामने पेन खाली ठेवलं. "साडेपाचला माझी तालीम हाय."

"तुमची एक तारखेला घ्या की."

"माझीबी कागदातच हाय." त्याने पत्र तिच्यापुढे सरकवलं. तिने वाचलं. जास्तीचं वाक्य तिने दोनदा वाचलं.

"भुतं माळावर आणली तर?" त्याने विचारलं. "समदी तिथंच. मागनं माणसं येत्याल."

"घरोघरी जायचं असतं मामा. सणच तो आहे. सगळी माळावर उभी केली तर ते स्नेहसंमेलन होतं."

शेवटी जोतीरामने दोन्ही सूचना एका पानावर लिहिल्या, तालमीची वर आणि भुतांची खाली. त्या तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वाचल्या. वाचताना त्याने आवाजात काही फरक केला नाही.

गावाने दोन्ही सूचना नीट ऐकल्या. पारावर चर्चा झाली. तालमीबद्दल विशेष मतभेद नव्हता. नदी पात्रात असताना माळावर जाऊन काय करायचं, हा प्रश्न याआधी दोनदा विचारून झाला होता. चर्चा झाली ती चॉकलेटवर, आणि शांतव्वाने ती मिटवली. शांतव्वा पंच्याहत्तरीची आहे. गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे.

"यव्वा! दारात आलेल्याच्या हातावर चाकलेट ठिवायचं? लाज वाटंल न्हाई का?"

"अव्वा, लहान मुलं आहेत ती," प्रेरणा म्हणाली. "आपली शांभवीच आहे त्यात."

"आसूं दे की. सोंग घिऊन आली न्हवं? सोंग घिऊन दारात आला त्याला सुपातनं घालायचं. मग त्यो गोसावी आसूं दे, वासुदेव आसूं दे, न्हाय तर तुजं भूत आसूं दे."

पिंपरघाटात हा रिवाज आहे. सोंग घेऊन कुणी दारात आलं तर त्याला सुपातून शिधा घालायचा. उंबऱ्याबाहेर गेलेला शिधा परत घरात येत नाही. मागणाऱ्याला तो उचलून नेता आला नाही तर त्याच दिवशी शिजवायचा, आणि ज्याने घातला त्याने त्यातला एक घास खायचा, नाहीतर ते दान धरत नाहीत. गेल्या श्रावणात एक गोसावी अर्धा शिधा देवळात ठेवून निघून गेला. एस.टी.त पोतं घेऊ देईनात. त्या संध्याकाळी चाळीस घरं देवळात एकेक घास खायला आली. गोसाव्याला अजून माहीत नाही.

"आणि तालीम?" पारावरच्या कुणीतरी विचारलं.

"भुतं दारात येणार आन् आमी दार लावून माळावर जायाचं व्हय?" शांतव्वा म्हणाली. "आलेलं रिकामं माघारी जाईल की!"

जोतीराम पाराच्या मागे पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवत होता. त्याने हे ऐकलं. व्हॉल्व्ह बंद केला, वेळ लिहिली आणि बोटीकडे गेला. त्या दिवशी रविवार नव्हता. तरी त्याने इंजिन पिंपात बुडवून दहा मिनिटं चालवलं.

एकतीस तारखेला चार वाजता चौसष्ट भुतं शाळेतून निघाली. चार गट होते, प्रत्येक गटात सोळा. कॅलेंडरसोबत आलेल्या चित्रात काळे झगे आणि टोकदार टोप्या होत्या. पिंपरघाटात पांढऱ्या चादरी, काजळ आणि पिठाच्या पोत्यांचे मुखवटे होते. दोघं जण गणपतीतल्या राक्षसाचे मुकुट घालून आले होते. पोखरलेले भोपळेही पाहिजे होते, पण भोपळा आतून रिकामा करून फेकून द्यायचा हे आयांना मान्य झालं नाही. त्यामुळे भोपळ्याच्या आतलं घारग्यांना गेलं आणि साली तेवढ्या शाळेत आल्या. प्रत्येक भुताच्या हातात चॉकलेटसाठी कापडी पिशवी होती.

पहिल्या घरी पिशवीत ज्वारी पडली. दुसऱ्या घरी तांदूळ. तिसऱ्या घरी तूरडाळ, गुळाचा खडा आणि दोन कांदे. चौथ्या घरातल्या बाईने भुतांना ओळीत उभं केलं, पायांवर पाणी घातलं आणि मग सूप आणलं. पायावर पाणी पडल्यावर एका भुताचं काजळ उतरलं, ते वेगळंच. कापडी पिशव्या दहा घरांत भरल्या. मग लोकांनी पोती दिली. साडेचारनंतर भुतं पोती ओढत फिरत होती. दिवाळी होऊन आठवडाच झाला होता, त्यामुळे काही ठिकाणी वरून उरलेला चिवडाही पडला.

चॉकलेट एकाही घराने दिलं नाही.

साडेपाचला जोतीराम पंचायतीच्या छपरावर भोंग्याच्या बटणाशी उभा होता. माळावर हायस्कूलच्या फाटकात कचेरीचे विश्वजित साहेब टेबल टाकून बसले होते. तेवढ्यात जिन्यातून एक भूत वर आलं. त्याची चादर सुटली होती.

"जोतीआज्जा, हे बांध की," भूत म्हणालं. ती प्रेरणाची शांभवी होती.

"मॅडम कुठं हायत?"

"तिसऱ्या गल्लीत. पोत्यावर बसल्यात."

जोतीरामने घड्याळ बघितलं. मग खाली बसून चादर बांधली. गाठ बोटीच्या दोराला मारतात तशी मारली, म्हणजे ओढली तरी सुटू नये. भूत खाली गेल्यावर त्याने भोंगा वाजवला, तेव्हा पाच छत्तीस झाले होते. वहीत पाच तीस लिहिणं सोपं होतं. त्याने पाच छत्तीस लिहिलं.

भोंगा ऐकून गावातल्या लोकांनी आकाशाकडे बघितलं, मग नदीकडे, आणि मग सुपात दाणे घेऊन दारात उभे राहिले. तिसऱ्या गल्लीला अजून दुसरा गट यायचा होता.

पावणेसहाला माळावर सात माणसं होती.

जोतीरामने साहेबांना फोन करून आकडा विचारला, फोन ठेवला आणि बोटीवरची ताडपत्री काढली. बोट न्यायला आले तर ती धूळ बसलेली दिसू नये, एवढाच त्याचा विचार होता. ती पुसून झाल्यावर तो पाराकडे आला. पारावर चारही गट जमले होते. चौसष्ट भुतं पोत्यांवर बसली होती, आणि त्यांना तिथून पुढे पोती ओढता येत नव्हती. मल्लेश, म्हणजे प्रेरणाचा नवरा, दुकानातला वजनकाटा घेऊन आला होता. एकशे बासष्ट किलो भरलं. तांदूळ, ज्वारी, डाळ, गूळ, पीठ आणि चिवडा सगळं एकमेकांत होतं.

"ज्याचं त्याला परत देऊ," प्रेरणा म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "मी पालकांना दिलेल्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं चॉकलेट."

"इंग्रजीत लिवली हुतीस," मल्लेश म्हणाला.

"परत?" शांतव्वा दारातल्या खुर्चीवरून ओरडली. तिचं दार पारासमोर आहे. "उंबऱ्याभायेर गेल्यालं परत घेतील व्हय कोण? शिजवा म्हणावं. आत्ताच्या आत्ता."

"कशात शिजवायचं अव्वा? एकशे बासष्ट किलो?"

"देवळाची पातेली हायत की."

सगळ्यांनी जोतीरामकडे बघितलं. सरपंच विजयसिंह गर्दीत होते, त्यांनी जास्त वेळ बघितलं.

"वर हायत," जोतीराम म्हणाला.

"तीनदा सांगितलं तुला," विजयसिंह म्हणाले. "तीनदा!"

"व्हय. लिवून ठेवलंय." जोतीरामने घड्याळ बघितलं. पाच पन्नास. "आता खाली आणायची म्हंजे तास जाईल. शिधाच वर न्हेऊया. चूलबी तिथंच हाय, पाणीबी."

जोतीराम पंचायतीत गेला आणि त्याने स्पीकर सुरू केला. सूचना कागदावर लिहायला वेळ नव्हता. लिहिल्याशिवाय बोलण्याची त्याची ही पहिलीच वेळ. त्यामुळे तो थोडा थांबत बोलला.

"ऐका. भुतांनी आणल्याला शिधा माळावर हायस्कुलात शिजणार हाय. पातेली तिथंच हायत. ज्या ज्या घरानं सुपातनं घातलंय, त्या घरानं घास खायाला वर यायचंय. सूप धरल्यालं माणूस आलंच पायजे. बाकीची आली तर चालत्यात. ताटली आपापली आणा."

सूप प्रत्येक घराने धरलं होतं. शिवाय एकट्या सूप धरणाऱ्याने जाऊन जेवायचं आणि बाकीच्यांनी घरी भात लावायचा, हे बऱ्याच घरांत जमण्यासारखं नव्हतं. पोती मल्लेशच्या टेम्पोतून पुढे गेली. त्यामागे भुतं, भुतांमागे आया आणि आयांमागे ताटल्या. सहा वाजता घाटाच्या रस्त्यावर पुरात असते तेवढी गर्दी होती. फरक एवढाच की कुणी टीव्ही उचललेला नव्हता.

"गुडघ्यानं चढवत न्हाई मला," शांतव्वा म्हणाली.

"तुमच्या नावानं मी खाते की घास," प्रेरणा म्हणाली.

"सूप म्या धरलं. तू खाऊन माजं दान कसं पुरं हुईल? तू एम. ए. ना?"

अशी सूप धरलेली पण चढता न येणारी माणसं गावात बारा निघाली. मल्लेशच्या टेम्पोत पोती होती. जोतीरामने विजयसिंहांचा ट्रॅक्टर मागितला आणि मागे बोटीचा गाडा जोडला. बाराही जणांना उचलून बोटीत बसवायला वीस मिनिटं गेली. एका आजोबांनी लाइफ जॅकेट मागितलं. ते बोटीतच होतं, मग बाराही जणांना घातलं.

सहा पंचविसला ट्रॅक्टर निघाला. घाटाचा रस्ता कोरडा होता. शांतव्वा पुढच्या फळीवर, ट्रॅक्टरच्या पाठीशी, दोन्ही हातांनी काठ धरून बसली होती.

"जोत्या!" ती इंजिनाच्या वरून ओरडली.

"काय अव्वा?"

"तुज्या आयेला बसवायची हुती की रं यात."

"व्हय," जोतीराम म्हणाला, आणि चढ आला म्हणून गिअर बदलला.

माळावर विश्वजित साहेब साडेसहापर्यंत बोटांनी मोजत होते, आणि प्रत्येक दहा झाले की रेघ मारत होते. ते शिस्तीचे होते. तोंड झाकलेल्या माणसांना धरायचं की नाही, याबद्दल नियमात काही नव्हतं. म्हणून त्यांनी भुतांना मुखवटे काढायला सांगितलं. भुतांनी नकार दिला. साहेबांनी मग पाय बघून मोजली. साडेसहाला आकडा पाचशे साठ होता, आणि फाटकात येणारं कुणी दिसत नव्हतं. उरलेली माणसं शेतातून यायची होती.

"तास संपला," साहेब विजयसिंहांना म्हणाले. "अकरा कमी पडले. वाईट वाटतं. मला वाटलं नव्हतं एवढे येतील."

विजयसिंहांनी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात उताराकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. सहा चौतीसला नारिंगी बोट लाइफ जॅकेट घातलेल्या बारा माणसांसह हायस्कूलच्या फाटकातून आत आली. शिजायला टाकलेल्या पातेल्यांजवळची माणसं उठून उभी राहिली.

"पाचशे बहात्तर," साहेबांनी मोजलं. "ट्रॅक्टर चालवणारा कर्मचारी, तो धरत नाहीत. पण उशीर झाला हो. साडेपाच ते साडेसहा."

जोतीराम ट्रॅक्टरवरून उतरला, खिशातली वही काढून टेबलावर ठेवली आणि त्या पानावर बोट ठेवलं. भोंगा, पाच छत्तीस.

"सहा मिनिटं उशीर का?"

"एका भुताची चादर सुटली हुती."

साहेबांनी वहीची मागची पानं चाळली. दोन वर्षांचे रविवार होते. इंजिन सुरू, इंजिन बंद. मध्ये कुठे पाण्याचा व्हॉल्व्ह, तीन ठिकाणी पातेल्यांची आठवण. एकही वेळ पाचाच्या पाढ्यातली वाटावी अशी गोल नव्हती. त्यांनी वही बंद करून परत दिली, रजिस्टरमध्ये पाच छत्तीस ते सहा छत्तीस असं लिहिलं आणि आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

"बोट राहील," ते म्हणाले.

अहवालात एक रकाना उरला होता. नागरिक कशामुळे स्थलांतरित झाले: भोंगा, ध्वनिक्षेपक, मोबाइल संदेश, इतर. साहेबांनी विचारलं, "काय लिहू?"

जोतीरामने विचार केला. "इतर," तो म्हणाला.

सव्वासातला घास वाटला. जे शिजलं होतं त्याला नाव देता येत नव्हतं. ज्वारी कच्ची होती, भाताचा लगदा झाला होता आणि मध्येच चिवड्यातला शेंगदाणा लागत होता. दोनशे अठरा घरांच्या सूप धरणाऱ्यांनी एकेक घास खाल्ला आणि दान पुरं झालं. शांतव्वाने बोटीतच बसून खाल्ला. साहेबांनी दोनदा घेतलं. प्रेरणाने पुण्याला पाठवायला फोटो काढला. त्यात चौसष्ट भुतं जमिनीवर मांडी घालून जेवत होती आणि मागे एक बोट उभी होती. भुतांना चॉकलेट शेवटपर्यंत मिळालं नाही.

"सायेब," निघताना जोतीरामने विचारलं, "पाणी खरंच आल्यावर आली न्हाईत तर?"

"ते तुम्ही बघायचं. मी फक्त मोजतो," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट परत वरच्या पायरीवर होती. जोतीरामने ताडपत्री बांधली, गाठ ओढून बघितली आणि पंचायतीत आला. विजयसिंह वाट बघत होते.

"आता घासून ठेवल्यात न्हवं पातेली? आण खाली. चार दिवसांवर पौर्णिमा हाय."

"न्हाय आणत," जोतीराम म्हणाला.

विजयसिंहांना हे उत्तर नवीन होतं. "म्हंजे?"

"परसाद वरच करूया. ह्या वर्सापास्नं समदं वरच शिजूं दे. पातेली वर असली की माणसं वर येत्यात."

विजयसिंहांनी खिडकीतून घाटाकडे बघितलं. समोरच्या भिंतीवर एकोणीसची रेघ त्यांच्या डोक्याच्या वर हातभर होती.

"लिव मग तसं," ते म्हणाले.

जोतीरामने वही उघडली. एक नोव्हेंबर, सकाळी आठ बावीस. पातेली माळावर ठेवली.